लहानपणी बाप्तिस्मा झालाय, तरी नव्या वर्षी परत घ्यावा का?

सदाफुली (सांगली), १ जानेवारी

सलाम मंडळी, सगळ्यांना नव्या वर्षाच्या शुभेच्छा.

एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात आहे, कालच्या वॉचनाईटनंतर (३१ डिसेंबरच्या रात्रीची उपासना) आता राहवत नाही म्हणून धागा काढतेय. माझा बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती मंडळीत घ्यायचा पाण्याचा विधी, मी तान्ही असताना झाला, आपल्या नेहमीच्या रीतीनं, डोक्यावर पाणी शिंपडून. दृढीकरण (मोठं झाल्यावर तोच विश्वास स्वतः कबूल करायचा विधी) शाळेत असताना झालं, तेही सगळ्या मैत्रिणींचं होतंय म्हणून. विश्वास नाही असं नाही, पण खरं सांगायचं तर कित्येक वर्षं रविवारी चर्च, नाताळात करंज्या आणि गाणी, घरात कुणी आजारी पडलं की प्रार्थना, एवढ्यावरच चाललंय. काल पाळकसाहेब म्हणाले, बाप्तिस्म्यात दिलेलं वचन नव्यानं आठवा आणि मगच नव्या वर्षात पाऊल टाका. मी बसल्या जागी विचार करत राहिले की मी काय आठवू, वचन तर आईबाबांनी दिलं होतं.

दुसरं म्हणजे माझी धाकटी जाऊ. ती हल्ली दुसऱ्या फेलोशिपला (वेगळ्या ख्रिस्ती गटाच्या सभेला) जाते, मोठेपणी पाण्यात बुडून बाप्तिस्मा घेतलाय आणि बाई खरंच बदललीय, मी घरात राहून बघतेय ना. जिभेची धार गेली, सासूबाईंचं पथ्यपाणी न सांगता करते, ज्यांच्याशी बोलणं तोडलं होतं त्यांच्या दारात स्वतः गेली. ती म्हणते ताई तुमचं ते शिंपडणं म्हणजे बाप्तिस्माच नव्हे, याच महिन्यात आमच्याबरोबर चला. तिला उडवून लावावं असं मला वाटत नाही आणि हो म्हणवतही नाही.

तर घ्यावा का परत? आणि घ्यायचा नसेल तर विश्वास ताजा करायचा तो कसा? नुसत्या बायबलमधल्या ओव्या टाकून जाऊ नका, आपापलं सांगा.

तानपुरा (मिरज), १ जानेवारी

परत घ्यायचा नाही. बाप्तिस्मा एकदाच. इफिसकरांस पत्र ४:५ बघा, एक प्रभू, एक विश्वास, एक बाप्तिस्मा. आपण नाइसीन विश्वासांगीकारात (मंडळीच्या जुन्या सामाईक कबुलीत) तेच म्हणतो. आपली सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला एकत्र आली तेव्हा त्यात सहा वेगवेगळ्या चर्चच्या मंडळ्या होत्या, त्यात बाप्टिस्ट आणि ब्रेदरनही होते जे बाळांना बाप्तिस्मा देत नव्हते. तिथं बसून ठरलं की दोन्ही रीती चालतील, बाळाचाही खरा आणि मोठ्याचाही खरा. पण एकदा झालेला पुन्हा करायचा नाही.

उसाचा_मळा (वाळवा तालुका), १ जानेवारी

ताई घ्या नायतर नका घेऊ पर कृष्णेत उतरायच्या आधी आमाला इचारा. भिलवडी-औदुंबर पट्ट्यात मगरी हायत. पाळकासकट नेतील 😀

सदाफुली

अहो दादा, आधीच मी थंडीला घाबरतेय, आता हे एक नवीन 😀

घाटमाथा (सातारा), २ जानेवारी

मी दोनदा घेतलेला माणूस आहे, तेव्हा माझं ऐका.

घरात तीन पिढ्या ख्रिस्ती. बाळपणी पाणी पडलं. पुढं नोकरीसाठी पुण्यात गेलो आणि सगळं सुटलं, चर्च सुटलं, दारू लागली, ते जास्त सांगत नाही. परत आलो तो मोडूनच आलो. एका साध्या घरगुती सभेत प्रभूनं मला धरलं. तिथल्या पास्टरनी विचारलं, विश्वास धरल्यानंतर बाप्तिस्मा घेतलास का? मी नाही म्हणालो, कारण ते खरंच होतं. प्रेषितांची कृत्ये ८ मध्ये तो इथिओपियाचा अधिकारी आधी ऐकतो, विश्वास धरतो आणि मग रथ थांबवून पाण्यात उतरतो. सगळीकडं क्रम तोच आहे.

आमच्याकडं नदी लांब, म्हणून एका भावाच्या रानात विहिरीजवळचा हौद होता त्यात झाला. जानेवारीच होता. मोटर चालू करून ताजं पाणी सोडलेलं, तरी अंगावर काटा. पास्टरनी एक हात पाठीला लावला, दुसऱ्या हातानं रुमाल धरून माझं नाक दाबलं आणि मागं टेकवलं. कानात पाणी गेल्यावर बाहेरचं गाणं एकदम बंद झालं. वर आलो तेव्हा आई समोर टॉवेल घेऊन उभी. ती आयुष्यभर शिंपडण्याच्या चर्चमधली, पण ती रडत होती. रोमकरांस ६ मध्ये पौल म्हणतो ख्रिस्ताबरोबर पुरलं जाणं आणि उठणं, ते मला त्या हौदात कळलं. ताई, मी हे कसं नाकारू?

तानपुरा

घाटमाथा दादा, तुमच्या आयुष्यात जे झालं ते प्रभूचंच काम आहे, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. माझं म्हणणं इतकंच की प्रभूनं तुम्हाला त्या सभेत धरलं ते कदाचित तान्हेपणीच्या पाण्याचंच फळ असेल. कृत्ये १६ मध्ये लुदियेचा घराण्यासह बाप्तिस्मा होतो, तुरुंगाच्या अधिकाऱ्याचा सगळ्या घरच्यांसकट होतो, मध्यरात्री. घरच्यांत लेकरं नसतीलच असं कोण म्हणेल?

घाटमाथा

होतीच असंही कुठं लिहिलंय?

तानपुरा

तेही खरं.

वाचनमात्र (विटा), २ जानेवारी

मी ख्रिस्ती नाही, धागा आवडला म्हणून विचारतो, चुकलं तर समजून घ्या. बाळाचा बाप्तिस्मा म्हणजे नाव ठेवायचा कार्यक्रम का? आमच्या कॉलनीत एकांकडं होता, पेढे मिळाले, पण आत नक्की काय करतात ते विचारायचं राहिलं.

मिरजेची_मावशी, २ जानेवारी

वाचनमात्र, छान विचारलंत. नाव त्या वेळी मोठ्यानं घेतात म्हणून तसं वाटतं, पण नाव ठेवण्यासाठी तो विधी नसतो. पाळक आईवडिलांना विचारतात, तुम्ही सैतानाच्या कामांचा त्याग करता का, ख्रिस्तावर विश्वास ठेवता का, या लेकराला त्याच्या मार्गात वाढवाल का. मंडळी उभी राहून म्हणते आम्हीही मदत करू. मग पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं डोक्यावर पाणी घालतात. एवढंच. पण त्या एवढ्याशा गोष्टीसाठी मी माझ्या नोकरीत काय बघितलं ते सांगते, कारण वरच्या वादात ते बसतं.

मी नर्स होते. मिरजेत डॉ. वानलेस यांनी १८९४ साली दवाखाना काढला तेव्हापासून आमच्या गावात नर्सिंग हे घराघरातलं काम, माझी मावशी नर्स, मी नर्स. मी जिथं होते तिथं रात्रपाळीला एक बाळंतीण आली, कॅथलिक, सातव्या महिन्यातच झालेली. बाळ माझ्या तळहाताएवढं. डॉक्टरांनी डोळ्यांनीच सांगितलं. त्या आईनं माझा हात धरला आणि म्हणाली सिस्टर, बाप्तिस्मा. फादरांना निरोप गेला होता पण ते लांबून यायचे, तेवढा वेळ नव्हता. कॅथलिक मंडळीत असा प्रसंग आला तर कुणीही देऊ शकतं, पाणी हवं, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असं त्रैक्याचं नाव हवं आणि मंडळी जे करते तेच करायचा हेतू हवा. मी स्टीलची वाटी घेतली, उकळून गार केलेलं पाणी घेतलं, दोन बोटं बुडवली आणि त्या कपाळावर तीनदा सोडलं. कपाळ म्हणजे माझ्या अंगठ्याच्या नखापेक्षा थोडं मोठं. मी प्रोटेस्टंट, ती कॅथलिक, पण त्या खोलीत ते कुणालाच आठवलं नाही. आईनं एक नाव सांगितलं, मी ते घेतलं. बाळ पहाटे गेलं.

आता मला सांगा, त्या लेकरानं काय विश्वास धरला होता? काय वचन दिलं होतं? काहीच नाही. सगळं दुसऱ्या बाजूनं दिलं गेलं. तेव्हापासून बाळाचा बाप्तिस्मा खोटा असं कुणी म्हणालं की मला बोलावंच लागतं. सदाफुली, तू म्हणतेस वचन आईबाबांनी दिलं. अगं, त्याच्याही आधी देवानं दिलं होतं.

कृष्णाकाठ (वाई), २ जानेवारी

मावशी 🙏 काय लिहावं कळत नाही.

घाटमाथा

मावशी, तुमच्या या प्रतिसादापुढं मी वाद घालणार नाही. त्या बाळाला प्रभूनं कवेत घेतलं याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. माझं मत मोठ्या माणसांपुरतं आहे आणि ते कायम आहे.

फळ्यावरचा_खडू (इस्लामपूर), ३ जानेवारी

अवांतर: वॉचनाईटला तुमच्याकडं वचनाच्या चिठ्ठ्या काढतात का? आमच्याकडं ताटात रंगीत कार्डं ठेवतात, प्रत्येकानं एक उचलायचं, ते तुमचं वर्षाचं वचन. यंदा युवक संघाच्या पोरांनी त्यात स्वतः लिहिलेली चार कार्डं मिसळली. आमच्या हिशेबनीसकाकांना नीतिसूत्रांतलं ते आळशानं मुंगीकडं जाऊन शिकावं ते आलं. काकांनी ते प्रामाणिकपणे मंडळीसमोर वाचलं 😀

उसाचा_मळा

लई भारी 😀 आमच्या घरात यंदा तिघांना एकच वचन आलं, भिऊ नको. बायको म्हणली घराला कर्ज हाय ते देवाला ठावं दिसतंय.

तानपुरा

मला ही चिठ्ठ्यांची रीत फारशी आवडत नाही. एक ओवी उचलून वर्षभर तीच धरायची, तिच्या मागचं पुढचं वाचायचं नाही. यिर्मया २९:११ प्रत्येक नववर्षाच्या बॅनरवर असतं, पण ते पत्र बाबेलमध्ये बंदिवान झालेल्या लोकांना होतं, आणि वरच्याच ओवीत सत्तर वर्षं थांबा असं सांगितलंय, ते कुणी छापत नाही.

मिरजेची_मावशी

तानपुरा, तू बरोबर आहेस, पण माझ्या फ्रिजला एक जुनं कार्ड चिकटवलेलं आहे आणि नवरा गेला त्या वर्षी मला त्या कार्डानं उभं ठेवलं. काढू देऊ पोरांना.

शाहूपुरीतला (सातारा), ३ जानेवारी

मूळ प्रश्नाकडं येतो, आणि सातारकर म्हणून एक गोष्ट सांगतो जी आपल्याच लोकांना फार माहीत नसते.

मराठी कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत झाला. घर तुटलं त्यापायी. पत्नी लक्ष्मीबाई तेव्हा त्यांच्याबरोबर नव्हत्या, पुढं काही वर्षांनी त्या स्वतःच्या विचारानं आल्या. टिळक अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनबरोबर राहिले, अभंग लिहिले, पाळक झाले. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पण १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्तीनं राहायचं ठरवलं आणि ते साताऱ्याला आले. इथं त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्याचं वैशिष्ट्य काय, तर त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्ताचे शिष्य चालणार होते. स्वतः बाप्तिस्म्यासाठी एवढं सोसलेला माणूस हे म्हणतोय, हे लक्षात घ्या. बाप्तिस्मा त्यांना हलका वाटत नव्हता. पण तो कुठल्या तरी गटात नाव घालायचा शिक्का होऊन बसला की ख्रिस्त बाजूला राहतो, हे त्यांना दिसत होतं. १९१९ च्या मे महिन्यात ते गेले, दरबार पुढं वाढला नाही.

सदाफुली ताई, मला वाटतं तुमच्या जावेचा प्रश्न आणि टिळकांचा प्रश्न एकच आहे, पाणी झालं पण शिष्य झालो का? तिचा प्रश्न बरोबर आहे, उत्तर म्हणून परत पाण्यात उतरायलाच हवं असं मात्र नाही.

कराडची_सून, ३ जानेवारी (रात्री)

शाहूपुरीतला दादा, तुमचा प्रतिसाद वाचून लिहायचं धाडस करतेय. मी वर्षानुवर्षं इथं नुसती वाचते.

तुम्ही सगळे एकदा की दोनदा यावर बोलताय. माझा एकदाही झालेला नाही. मी जन्मानं ख्रिस्ती नाही. सासरी कुणीच नाही. मी कॉलेजात असताना मैत्रिणीच्या घरी नवा करार वाचायला लागले आणि ते पुस्तक मला सुटलं नाही. लग्नाआधी नवऱ्याला सांगितलं होतं, ते चांगले आहेत, आडकाठी करत नाहीत, पण बाप्तिस्म्याचं नाव काढलं की घरात सगळे गप्प होतात. आणि आमचं अनुसूचित जातीचं प्रमाणपत्र आहे. अनुसूचित जातींबद्दलच्या १९५० च्या आदेशाप्रमाणे ख्रिस्ती झालं की तो दर्जा राहत नाही. शिखांना १९५६ ला, बौद्धांना १९९० ला त्यात घेतलं, ख्रिस्ती अजून बाहेरच. माझ्या मुलीची फी, पुढं तिची ॲडमिशन, हे सगळं त्याला टांगलेलं आहे. सासूबाई म्हणतात तुझ्या देवासाठी पोरीचं नुकसान का? मला उत्तर येत नाही. कागदावर एक आणि मनात एक असं करून फसवणूकही करायची नाही, म्हणून थांबलेय.

नव्या वर्षाच्या उपासनेला मी मागच्या बाकावर बसते. प्रभूभोजनाचं, म्हणजे भाकर-द्राक्षरसाचं, ताट आलं की बाप्तिस्मा नाही म्हणून पुढं सरकवते. सगळे घेतात. तेवढी दोन मिनिटं फार लांब असतात. तुम्हाला जे लहानपणी फुकट मिळालं ते परत घ्यावं का असं विचारताना बघून थोडं रडू आलं, राग नाही, खरंच नाही.

सदाफुली

कराडची_सून, मी आत्ता स्वयंपाक अर्धा टाकून हे वाचलं. मला काय बोलावं कळेना. तू लिहिलंस हे फार बरं केलंस. ताट पुढं सरकवायचं ते मला दिसतंय गं डोळ्यासमोर.

शाहूपुरीतला

ताई, टिळकांच्या दरबारात तुमच्यासाठी जागा होती, एवढंच आत्ता म्हणतो. आणि फसवणूक करायची नाही म्हणून थांबलेय हे वाक्य बाप्तिस्मा झालेल्या आमच्यातल्या कितीजणांना म्हणता येईल?

मिरजेची_मावशी

बाळ, घाई करू नकोस आणि कुणाच्या दबावाखाली काही करू नकोस, ना घरच्यांच्या ना चर्चवाल्यांच्या. तुझ्या पाळकांना एकदा सगळं मोकळेपणानं सांग. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, माझा नंबर दिलाय, कधीही फोन कर.

नवा_पोरगा (तासगाव), ४ जानेवारी

मला माझा बाप्तिस्मा कधी झाला ते लग्न ठरल्यावर कळलं, सर्टिफिकेट लागलं तेव्हा 😀 जुन्या रजिस्टरात शोधताना आजोबांच्या आजोबांची नोंद सापडली. पाळकसाहेबांनी फोटो काढू दिला. तेव्हापासून त्या दिवसाला थोडी प्रार्थना करतो, वाढदिवस साजरा होतोच की, हा पण व्हावा.

कृष्णाकाठ

हे मस्त आहे. मीही तारीख शोधते.

थंड_हवा (पाचगणी), ४ जानेवारी

धागाकर्तीच्या दुसऱ्या प्रश्नाला कुणी हात लावला नाही, ताजं करायचं कसं. मी मेथडिस्ट घरातली. आमच्यात नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारच्या आसपास कराराच्या नूतनीकरणाची उपासना असते. मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीनं ती लंडनमध्ये ११ ऑगस्ट १७५५ ला पहिल्यांदा घेतली, नंतर ती नववर्षाशी जोडली गेली. त्यातली प्रार्थना म्हणताना मला दरवर्षी धडकी भरते. मी आता माझी नाही, तुझी आहे, मला कामाला लाव किंवा बाजूला ठेव, भर किंवा रिकामी कर, असा तिचा आशय. काम मिळू दे म्हणणं सोपं असतं. बाजूला ठेव म्हणणं फार जड जातं. ज्या वर्षी माझी नोकरी गेली त्या वर्षी ते वाक्य माझ्या तोंडून निघेना, शेजारच्या आजींनी माझ्या वतीनं म्हटलं. पाणी परत नाही, पण वचन दरवर्षी नवं. सगळ्या मंडळींनी हे करावं असं मला मनापासून वाटतं.

तानपुरा

+१. प्रोटेस्टंट सुधारणा सुरू करणारा मार्टिन लूथरही हेच म्हणायचा, बाप्तिस्मा एकदाच पण जुना माणूस रोज बुडवावा लागतो. मन खचलं की मी बाप्तिस्मा घेतलेला आहे असं तो स्वतःला सांगायचा. आणि पंडिता रमाबाईंचं बघा. बाप्तिस्मा १८८३ ला इंग्लंडमध्ये वाँटेजला. नंतर त्यांनी स्वतः लिहिलंय की मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता, आणि हे त्यांना बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी कळलं. त्यांनी परत बाप्तिस्मा घेतला नाही. झालेल्या बाप्तिस्म्यातच आत शिरल्या, आणि मग केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं.

घाटमाथा

रमाबाईंचं मान्य. पण परत बाप्तिस्मा घेणाऱ्यांना कुणी हलक्यात घेऊ नये म्हणून एक सांगतो, तेही जानेवारीचंच. २१ जानेवारी १५२५ ला झुरिकमध्ये काही तरुणांनी एका घरात एकमेकांना मोठेपणीचा बाप्तिस्मा दिला. त्यातल्या फेलिक्स मान्झला ५ जानेवारी १५२७ ला लिम्माट नदीत बुडवून मारलं. शिक्षा देणारे सुधारणावादी (प्रोटेस्टंट) ख्रिस्तीच. पाण्यात बाप्तिस्मा हवा ना, मग घे पाणी, असा तो न्याय. आपण आज शांतपणे वाद घालतोय ही फार मोठी गोष्ट आहे.

तानपुरा

दादा, हे मला मान्य आहे आणि त्याची आमच्या बाजूच्या लोकांना लाज वाटायला हवी. मी परत घेऊ नये म्हणतो, घेतलेल्याला दूर करावं असं कधीच म्हणणार नाही.

धागा_राखणदार, ४ जानेवारी

चर्चा फार चांगली चाललीय. फक्त कुठल्याही फेलोशिपचं किंवा पाळकांचं नाव घेऊन टीका नको. एक प्रतिसाद उडवलाय.

उसाचा_मळा, ५ जानेवारी

म्या पैल्या दिवशी चेष्टा केली, आता जरा मनापासनं.

सातबाऱ्यावर माझं नाव आज्यापास्नं वारसानं आलं, त्यासाठी मी काय परत खरेदीखत करत नाय. पर रान नांगरलं नाय तर हरळी माजती, मग सातबारा काय चाटायचा का? ताईंचा बाप्तिस्मा म्हंजे तो उतारा हाय. खरा हाय. आता नांगर धरायचा.

माझं नांगरणं यंदा हे झालं. थोरल्या भावाशी बांधावनं बोलणं बंद होतं. बांध कोरला कुणी, त्येनं का मी, ते आता दोघांनाबी सांगता यायचं नाय. वॉचनाईटला मत्तय ५ वाचलं, वेदीवर दान आणलंयस आन् भावाच्या मनात तुझ्याइषयी काय हाय हे आठवलं तर दान तितंच ठेव, आदी जा. मी बायकोला म्हणलं दानाचं पाकीट तुझ्याकडं ठेव, आज टाकू नको. एक तारखेला सकाळी गेलो त्येच्या वस्तीवर. त्यो धार काढत हुता. मान वर केली नाय. मी बादली धरली. बोलला एवढंच, वैरण संपलीय, तुझ्याकडं वाढं हायत का. गाडीभर टाकून आलो संध्याकाळी. बांधाचं अजून काय ठरलं नाय, मोजणी आणायची का नाय ते बगू. पर दान टाकलं रविवारी.

मिरजेची_मावशी

हे खरं नूतनीकरण. देव आशीर्वाद देवो तुम्हां दोघा भावांना.

वाचनमात्र

मी ख्रिस्ती नसूनही हा प्रतिसाद घरी सगळ्यांना वाचून दाखवला. आमच्याकडंही एक बांध आहे.

सदाफुली, प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या रविवारी (रात्री)

सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते सांगते.

६ जानेवारीच्या प्रकटीकरणाच्या सणानंतरचा पहिला रविवार प्रभूच्या बाप्तिस्म्याचा असतो, तो आज झाला. मी आठवड्यात पाळकसाहेबांना भेटून हा धागा जसाच्या तसा वाचून दाखवला (नावं आपली टोपणनावंच आहेत). ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, या रविवारी मंडळीला बाप्तिस्म्याची वचनं पुन्हा विचारू. आज संदेशानंतर त्यांनी तेच प्रश्न विचारले जे बाळांच्या वेळी विचारतात. त्याग करता का. विश्वास ठेवता का. या वेळी उत्तर मी दिलं, माझ्या तोंडानं. माझ्या मागं सासूबाई उभ्या होत्या, त्यांचा आवाज माझ्यापेक्षा मोठा होता. योहान येशूला बाप्तिस्मा द्यायला कचरतो आणि येशू म्हणतो आता होऊ दे, तो भाग साहेबांनी फार सुंदर सांगितला, की ज्याला गरज नव्हती तो रांगेत आपल्याबरोबर उभा राहिला.

जावेला मी सांगितलं, मी परत घेणार नाही पण तुझ्या प्रश्नानंच मला जागं केलं. तिला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण काल त्यांच्याकडं हरिपूरच्या बाजूला तिघांचा बाप्तिस्मा होता, तिनं बोलावलं आणि मी गेले. टॉवेल धरायला आणि चहाचा थर्मास घेऊन. एक साठीच्या बाई नऊवारीला जागोजागी पिना लावून पाण्यात उतरल्या, दात वाजत होते आणि तोंडानं गाणं चालू. मगर दिसली नाही 😀 आज जाऊ आमच्या चर्चला आली होती, वचनांच्या वेळी तीही उभी राहिली.

आम्ही दोघींनी एवढं ठरवलंय की रात्री भांडी झाली की सासूबाईंना मार्क (बायबलमधलं शुभवर्तमान) वाचून दाखवायचा, आळीपाळीनं. मार्कच घेतला कारण तो बाप्तिस्म्यापासूनच सुरू होतो आणि लहान आहे.

घाटमाथा

ताई, मला अजूनही वाटतं की तुम्ही उतरायला हवं होतं. पण तुम्ही टॉवेल धरायला गेलात हे वाचून फार आनंद झाला. आईची आठवण आली.

थंड_हवा

वचनं पुन्हा विचारताना साहेबांनी पाणी शिंपडलं का मंडळीवर? काही ठिकाणी शिंपडतात.

सदाफुली

नाही, मुद्दाम नाही शिंपडलं. परत बाप्तिस्मा झाला असा कुणाचा समज नको म्हणून. पाण्याचं भांडं पुढं ठेवलं होतं, जाता येता ज्याला हात लावायचा त्यानं लावला.

कराडची_सून, दुसऱ्या दिवशी

मावशींशी तासभर बोलले. पाळकांनाही भेटून आले, जे इथं लिहिलं ते सगळं सांगितलं. त्यांनी कुठलीच घाई केली नाही. ते म्हणाले शिकवणीच्या वर्गाला या, त्यासाठी बाप्तिस्म्याची अट नाही, आणि प्रभूभोजनाच्या वेळी पुढं या, भाकर देता येणार नाही पण डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतो. नवऱ्याला सांगितलं, ते म्हणाले वर्गाला सोडायला येतो, बाहेर गाडीत बसेन. प्रमाणपत्राचा प्रश्न आहे तिथंच आहे. मुलगी दहावीत जाईल तेव्हा तिच्याशीही बोलायचं ठरवलंय, तिच्या वाटणीचं मी एकटीनं का ठरवावं.

वर्गाला नवा करार लागेल का संपूर्ण शास्त्र (अख्खं बायबल)? माझ्याकडं नवा करारच आहे, तोही फार जुना, पानं सुटलीत.

शाहूपुरीतला

संपूर्ण शास्त्र मी देतो ताई, मोठ्या अक्षराचं आहे, घरी दोन आहेत. पुढच्या आठवड्यात कराडला येणारच आहे, व्यनित पत्ता नको, चर्चचं नाव तेवढं कळवा, तिथं ठेवून येतो.